४२२००१ : आपल्या पिनकोडाची गणिती कुंडली

पिनकोडाकडे संख्या म्हणून कोणी बघतच नाही. कुरिअरवाल्याने विचारलं की आपण "चार दोन दोन, शून्य शून्य एक" असे सुटे सुटे आकडे सांगतो आणि विषय संपतो. कधीतरी "चार लाख बावीस हजार एक" असं सांगून बघा, त्याला वाटेल काहीतरी पैशाची भानगड आहे. पण शेवटी ती एक पूर्ण संख्या आहे, चांगली सहा आकडी, आणि कुठल्याही पूर्ण संख्येची कुंडली मांडता येते: कोणाने भाग जातो, मूळ आहे की संयुक्त, दोन वर्गांची बेरीज होते का, आकड्यांची बेरीज काय, वगैरे. म्हटलं नाशिकच्या माणसाने आधी नाशिकचीच मांडावी.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतचे कवीही होते. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड वगैरे पट्टा, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करायचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. म्हणजे गणित बघून हा नंबर कोणी निवडलेला नाही, त्यामुळे खाली जे जे निघेल ते फुकटात निघालेलं आहे हे लक्षात ठेवा.

सुरुवात भागाकाराने करू. विषम आहे, शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ कटाप. आता आकड्यांची बेरीज, ४ + २ + २ + ० + ० + १ = ९. शाळेत शिकवलेलं असतं की बेरजेला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो, पण का जातो ते बऱ्याच जणांना कधी सांगितलेलंच नसतं, आणि ते तर एका ओळीचं आहे. १० ला ९ ने भागलं की बाकी १, १०० ला भागलं की बाकी १, १००० ला भागलं तरी १, कारण ९, ९९, ९९९ हे सगळे ९ च्या पाढ्यातलेच. म्हणून ४ लाखाची बाकी ४, २० हजाराची बाकी २, २ हजाराची बाकी २, आणि असं करत करत अख्ख्या संख्येची बाकी म्हणजे तिच्या आकड्यांच्या बेरजेचीच बाकी. हा मुद्दा जरा डोक्यात ठेवा, पुढे देवळालीत परत लागणार आहे.

तर ४२२००१ ÷ ९ = ४६८८९. आणि इथून खरी मजा सुरू होते, कारण या ४६८८९ ला ३ ने भाग जात नाही, ७ ने नाही, ११ ने नाही, १३ ने नाही. किती वेळ भागत बसायचं? याला मर्यादा आहे. एखादी संख्या फुटत असेल तर तिच्या दोन तुकड्यांपैकी एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो, दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ४६८८९ चं वर्गमूळ साधारण २१६.५. म्हणजे २ पासून २११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम झालं आणि त्या आहेत फक्त ४७. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर चहा गार व्हायच्या आत होतं. ४७ पैकी एकानेही भाग जात नाही. १९७ ने जवळपास जातो पण ३ उरतात, १७३ ने भागलं तर ६ उरतात, बास. म्हणजे ४६८८९ ही मूळ संख्या, आणि नाशिकची फोड झाली ३ × ३ × ४६८८९. दोन बारके तीन आणि एक पैलवान.

आता ही फोड म्हणजे त्या संख्येचं आधारकार्ड. कोणत्याही संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच पद्धतीने होते, क्रम सोडला तर दुसरी फोड निघतच नाही, आणि एकदा ती हातात आली की बाकीचं बरंचसं आपोआप निघतं. विभाजक किती? ३ घ्यायचा शून्य, एक किंवा दोन वेळा, म्हणजे तीन पर्याय, आणि ४६८८९ घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, म्हणजे दोन. तीन दुणे सहा: १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ४२२००१ स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज होते १८७५६९, म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी. ग्रीकांपासून चालत आलेली एक वर्गवारी आहे, विभाजकांची बेरीज संख्येएवढीच आली तर परिपूर्ण (६ = १ + २ + ३, मग २८, ४९६, ८१२८), जास्त आली तर विपुल (१२ चं बघा, १ + २ + ३ + ४ + ६ = १६), आणि कमी पडली तर तुटीची. आपलं नाशिक तुटीत. वाईट वाटून घेऊ नका, विषम संख्या बहुतेक तुटीतच असतात, पहिली विपुल विषम संख्या थेट ९४५ ला येते. आणि विषम असून परिपूर्ण अशी तर आजपर्यंत कोणालाच सापडलेली नाही, तशी असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही, शेकडो वर्षं तो प्रश्न तसाच पडून आहे.

आता शेजारी जाऊ. नाशिकरोड, ४२२१०१. बेरीज १०, म्हणजे ३ कटाप. याचं वर्गमूळ ६४९.७ च्या आसपास, म्हणजे ६४७ पर्यंतच्या ११८ मूळ संख्या तपासायच्या, हे जरा कंटाळवाणं आहे पण करून बघा, कारण एकानेही भाग जात नाही! नाशिकरोडचा पिनकोड चक्क मूळ संख्या आहे. रोडच्या लोकांनी आता शहरवाल्यांसमोर कॉलर ताठ करायला हरकत नाही. अर्थात फार चमत्कार पण मानू नका. एवढ्या आकाराच्या संख्यांमध्ये साधारण तेरातली एक मूळ असते, आणि १, ३, ७ किंवा ९ ने संपणाऱ्या घेतल्या तर पाचातली एक, तेव्हा लागला मटका एवढंच.

मोठ्या संख्येच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लोकांच्या डोक्यात कायम गोंधळ घालते, ती इथेच सांगून टाकतो. "ही संख्या मूळ आहे का" आणि "हिचे अवयव कोणते" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या अवघडपणात जमीन अस्मानाचा फरक आहे. पहिला सोपा आहे. संख्या शेकडो आकड्यांची असली तरी कॉम्प्युटर भराभर सांगतो की मूळ आहे की नाही, आणि २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर सिद्धच केलं की हे काम खात्रीने आणि वाजवी वेळात करणारी पद्धत आहे, त्यात नशिबाचा भाग नाही. दुसरा प्रश्न मात्र अजून कोणाच्या बापाला आवरलेला नाही. तीनशे तीनशे आकड्यांच्या दोन मूळ संख्या गुणून दिल्या तर तो गुणाकार परत फोडायची कुठलीही फास्ट पद्धत आजच्या कॉम्प्युटरला माहीत नाही, आणि इंटरनेटवरच्या कुलुपांपैकी बरीच याच अवघडपणावर टिकून आहेत, त्यात वापरतात ती संख्या सहाशेच्या वर आकड्यांची असते. म्हणजे "फुटते हे नक्की, पण कशी ते माहीत नाही" अशी अवस्था गणितात अगदी नॉर्मल आहे. आणि सध्या माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या विचाराल तर ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तिचे आकडेच चार कोटी दहा लाखांच्या वर आहेत. तिच्यासमोर आपला पिनकोड म्हणजे किस झाड की पत्ती, पण हाताने तपासता येतो हा त्याचा प्लस पॉईंट.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ४२२००१ कडे नीट बघा आणि त्यातून ३६०००० वजा करा. उरतात ६२००१. आणि ६२००१ म्हणजे २४९ × २४९. म्हणजे

४२२००१ = ६०० × ६०० + २४९ × २४९

दोन पूर्ण वर्गांची बेरीज! ६०० चा वर्ग अधिक २४९ चा वर्ग. हे असंच कुठल्याही संख्येला जमत नाही, आणि का जमत नाही ते बघायला फार हुशारी लागत नाही. कुठलाही वर्ग ४ ने भागून बघा, सम संख्येच्या वर्गाची बाकी ०, विषम संख्येच्या वर्गाची बाकी १, तिसरं काही येतच नाही. मग दोन वर्गांची बेरीज केली तर बाकी ० येईल, १ येईल किंवा २ येईल, पण ३ कधीच नाही. म्हणून पंचवटीचा ४२२००३ घेतला की एका सेकंदात निकाल, शेवटचे दोन आकडे ०३, बाकी ३, दोन वर्गांत बसणं अशक्य. शोधायचीही गरज नाही.

उलट बाजू अवघड आहे. बाकी ३ आली तर अशक्य हे कळलं, पण बाकी १ आली तर शक्य आहे का? मूळ संख्येसाठी उत्तर आहे: हो, नेहमी, आणि तेही एकाच पद्धतीने. फर्मा नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६४० मध्ये हे पत्रात लिहून ठेवलं आणि पुरावा काही व्यवस्थित दिला नाही (ही त्यांची सवयच), तो शंभरेक वर्षांनी ऑयलरने दिला. आपला पैलवान ४६८८९, त्याचे शेवटचे दोन आकडे ८९, बाकी १, म्हणजे तो दोन वर्गांत बसलाच पाहिजे, आणि बसतो, २०० चा वर्ग अधिक ८३ चा वर्ग, ४०००० + ६८८९. त्याला दोन्हीकडे ३ ने गुणून ६०० आणि २४९ आले.

मूळ नसलेल्या संख्येसाठी नियम असा की फोडीमध्ये बाकी ३ देणारे जे मूळ अवयव असतील (३, ७, ११, १९ असले) ते जोडीने आले पाहिजेत. नाशिकच्या फोडीत ३ आहे, पण दोनदा आहे म्हणून चाललं. देवळालीचा ४२२४०१ बघा, बाकी १ येते, वरवर सगळं ठीक वाटतं, पण फोड आहे ७ × ६०३४३, दोन्ही मूळ आणि दोन्ही बाकी ३ देणारे, एकेकटे. त्यामुळे देवळाली बाद. नाशिकरोड मूळ आहे आणि बाकी १, तेव्हा त्याला बसावंच लागतं: ६४९ चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, ४२१२०१ + ९००. पाठ करून ठेवा, कुठे उपयोग होणार नाही.

याच्यातून एक काटकोन त्रिकोण पण फुकट मिळतो. ६०० आणि २४९ यांच्या वर्गांची वजाबाकी २९७९९९, आणि त्यांच्या गुणाकाराची दुप्पट २९८८००. या दोन बाजू घेतल्या की कर्ण बरोबर ४२२००१, पायथागोरसच्या नियमाने, दशांशाचा एक ठिपका न लागता. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या हा निव्वळ योगायोग, त्यात काही अर्थ शोधू नका.

इथपर्यंत जे बघितलं ते सगळं संख्येचं स्वतःचं आहे. म्हणजे ती दशमानात लिहा, रोमन आकड्यांत लिहा किंवा ४२२००१ गारगोट्या अंगणात ओता, त्यांच्या सारख्या तीन राशी होणारच आणि ६०० बाय ६०० आणि २४९ बाय २४९ असे दोन चौरस मांडता येणारच. आता पुढचं जे आहे ते वेगळ्या जातीचं आहे, ते संख्येपेक्षा ती लिहायच्या पद्धतीचं जास्त आहे, आणि तिथे आपल्या गावचा माणूस जगात नाव करून बसलाय.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत मास्तर. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, हातात वही आणि डोक्यात आकडे. इथल्या बऱ्याच प्राध्यापक मंडळींनी त्यांना फार भाव दिला नाही, आकड्यांशी खेळणं म्हणजे काय गणित का असा सूर असायचा, आणि मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

कापरेकरांची एक कल्पना म्हणजे हर्षद संख्या, जिला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो. ४२२००१, बेरीज ९, भाग जातो, म्हणजे नाशिक हर्षद. खरं तर बेरीज ९ आली की भाग जाणारच हे आपण वर बघितलंय, त्यामुळे ही नवी बातमी नाही, जुनीच बातमी नव्या कपड्यात. बेरीज १८ असेल तर मात्र गॅरंटी नाही, ९९ बघा, बेरीज १८, भाग जात नाही. नाशिकरोडची बेरीज १० आणि शेवट १ ने, म्हणून हर्षद नाही. देवळालीची बेरीज १३, भागून ५ उरतात, तीही नाही. ज्या गावात बसून माणसाने हर्षद संख्या शोधल्या त्या गावाचाच पिनकोड हर्षद निघू नये, घ्या आता.

पण माझ्या मते कापरेकरांची खरी भारी कल्पना दुसरी आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. १२ मध्ये १ + २ मिळवले की १५. म्हणजे १२ हा १५ चा जनक. प्रत्येक संख्येला मुलगा असतोच, पण प्रत्येक संख्येला जनक असतो का? नाही. २० घ्या, कुठल्याही संख्येत तिचे आकडे मिळवून २० येतच नाही. ३१ चंही तसंच, ४२ चं, ५३ चंही. असल्या बिनजनकाच्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि जगात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. उलट काहींना दोन दोन जनक, १०१ बघा, ९१ कडूनही येतो आणि १०० कडूनही.

मग साहजिकच प्रश्न येतो, नाशिकचा जनक कोण? मागे लाखभर संख्या तपासायची गरज नाही. वर म्हटलं तसं संख्या आणि तिची बेरीज यांची ९ ची बाकी एकच असते, म्हणून जनक अधिक त्याची बेरीज म्हणजे त्या बेरजेच्या दुपटीची बाकी, आणि ४२२००१ ची बाकी ० असल्याने जनकाची बेरीज ९ च्या पाढ्यातलीच हवी. सहा आकड्यांची बेरीज फार फार तर ५४. म्हणजे सहाच उमेदवार: बेरीज ९, १८, २७, ३६, ४५ किंवा ५४. बेरीज ९ असेल तर जनक ४२१९९२, पण त्याची खरी बेरीज २७, बाद. १८ असेल तर ४२१९८३, त्याचीही २७, बाद. २७ असेल तर ४२१९७४, आणि त्याची बेरीज ४ + २ + १ + ९ + ७ + ४ = २७. सापडला! बाकीचे तीन तपासून बघा, जमत नाहीत, म्हणजे एकच जनक.

आता ४२१९७४ चा जनक? त्याच रीतीने सहा उमेदवार लावले की मिळतो ४२१९४७, बेरीज परत २७. आणि त्याचा? ४२१९३८ ची बेरीज ९ हवी, आहे २७. ४२१९२९ ची १८ हवी, आहे २७. ४२१९२० ची २७ हवी, आहे १८. ४२१९११ ची ३६ हवी, आहे १८. ४२१९०२ ची ४५ हवी, आहे १८. ४२१८९३ ची ५४ हवी, आहे २७. संपले उमेदवार. ४२१९४७ ला जनकच नाही, म्हणजे ती स्वयंभू, म्हणजे देवळाली संख्या. म्हणजे नाशिकचा आजोबा देवळालीचा निघाला! हे मी कुठून जुळवून आणलेलं नाही, वर सगळी वजाबाकी दिलीये, स्वतः ताळा करा.

याच वंशात पुढे जायचं असेल तर ४२२००१ + ९ = ४२२०१०, मग ४२२०१९, मग ४२२०३७, असं चालूच राहतं, कधी थांबत नाही.

आता जे लोक नाक मुरडतात त्यांचा मुद्दा काय आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. हर्षद, स्वयंभू, हे सगळं आपण दहाच्या हिशोबात लिहितो म्हणून. माणसाला आठ बोटं असती तर ही यादीच वेगळी झाली असती, पण ४६८८९ मूळ आहे हे तेव्हाही खरंच राहिलं असतं. मुद्दा बरोबर आहे. तपासायला म्हणून नाशिकला कॉम्प्युटरच्या भाषेत, नुसत्या १ आणि ० मध्ये लिहू: ११००१११०००००१११०००१. एकोणीस आकडे. यात १ किती मोजा. नऊ! म्हणजे तिथेही आकड्यांची बेरीज ९, आणि ९ ने भाग तर जातोच, म्हणजे दोनाच्या हिशोबातसुद्धा नाशिक हर्षद. हा मात्र शुद्ध योगायोग, बायनरीमध्ये बेरीज ९ आली म्हणून भाग जाईलच असला काही नियम नाही. तरी हे बघून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. आणि मला विचाराल तर नाक मुरडणाऱ्यांचं तिथेच चुकतं, कारण "ही गोष्ट संख्येची की लिहिण्याची" हा प्रश्न पडायला आधी असल्या खेळात हात घालावा लागतो, थेट पुस्तकातल्या व्याख्येवरून तो पडत नाही.

एक छोटी गंमत मध्येच. ४२२००१ उलटा लिहा, १००२२४. दोन्हींची बेरीज ५२२२२५, पुढून वाचा मागून वाचा एकच. एका फटक्यात जमलं. बऱ्याच संख्यांना दोन तीन वेळा उलटं करून मिळवावं लागतं, ८९ ला चोवीस वेळा, आणि १९६ चं तर कॉम्प्युटरवर कोट्यवधी आकड्यांपर्यंत जाऊनही जमलेलं नाही, कधी जमेल की नाही तेही सिद्ध नाही.

शेवटी ६१७४ शिवाय कापरेकर पूर्ण होत नाहीत. चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत, ते उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथून हलतच नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊन बघा: ९५१० − ०१५९ = ९३५१, पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सातच्या सात पायऱ्या खाल्ल्या पठ्ठ्याने.

सहा आकड्यांना हा नियम इतका शहाण्यासारखा वागत नाही. तिथे दोन संख्या अशा आहेत की त्या स्वतःवरच येऊन थांबतात, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्याशिवाय सात संख्यांची एक चकरी आहे जिच्यात शिरलं की गोल गोल फिरत राहायचं. चौथी वाटच नाही, प्रत्येक सहा आकडी संख्या (सगळे आकडे सारखे नसले की) या तिनांपैकी कुठेतरी जातेच. नाशिकचं काय होतं? ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि ६६५४४२ − २४४५६६ = परत ४२०८७६. पहिल्याच पायरीला थेट चकरीत.

मग मी आजूबाजूचे पिनकोड घालून बघत बसलो. पंचवटी ४२२००३, पहिल्या पायरीला ४२९९६६. देवळाली ४२२४०१, पहिल्या पायरीला तोच ४२९९६६! त्र्यंबकचा ४२२२१२ जरा लांबून येतो, २९९९९७, ७१९९७३, ८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, आणि मग तोही ४२९९६६ लाच येऊन मिळतो, नासर्डी आणि वाघाडी जशा वेगवेगळ्या दिशांनी येऊन गोदेत पडतात तसं. तिथून ७४९९४३, ६५२६४४ आणि ४२०८७६, म्हणजे जिथून नाशिक चकरीत शिरलं तेच दार. नाशिकरोडला मात्र या लोकांची संगत नको आहे, त्याचा पहिला आकडा ४१०८८६, आणि तोच पहिला आकडा मालेगावच्या ४२३२०३ चाही येतो, दोघं मिळून ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१ करत ८६०८३२ वरून त्याच चकरीत घुसतात. ५४९९४५ वर किंवा ६३१७६४ वर जाऊन थांबणारा जिल्ह्यातला पिनकोड मला तरी अजून सापडला नाही, सिन्नर, निफाड, इगतपुरीवाल्यांनी आपापला घालून बघा आणि सापडला तर कळवा.